कंटेनर की मातीचं घर? आधी छपराचं बोलू

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हाला बघता येईल. पुण्यात सिंहगड रोडला सगळ्यात वरच्या मजल्यावर तुमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. एप्रिल-मेमध्ये रात्री बारापर्यंत छत तापलेलं असतं. गेल्या उन्हाळ्यात दुसरा एसी बसवावा लागला आणि बिल कुठल्या कुठे गेलं. मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे ५ गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट घेऊन ठेवलाय, ११०० चौरस फूट बांधायला ३० लाख आहेत. तुम्हाला मातीचं घर हवंय, मिस्टरांना कंटेनरचं, मुलाला जुन्या टायरचं, आणि सासूबाई म्हणतात, साधं कौलारू बांधा. यातलं कोणतं घर सगळ्यात कमी वीज खाईल, असं तुम्ही विचारलंय.

गेली २३ वर्षं मी पुण्यात आणि आसपास घरं बांधते आहे. त्यातली बरीच माती, दगड आणि जुन्या विटांची आहेत. तरीही सांगते, घर कशाचं बांधायचं हा प्रश्न नंतरचा. उष्णता घरात कुठून शिरते, किती वाजता शिरते आणि शिरल्यावर बाहेर कशी जाते, हा खरा प्रश्न आहे. याचं उत्तर चुकलं तर मातीचं घरही भट्टी होतं. जमलं तर साध्या विटांच्या घरात मे महिन्यात पंख्यावर झोप लागते.

आणि त्याच्याही आधीची एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आलेली नाही. तिथे कायम राहायला जाणार आहात, की फक्त शनिवार-रविवार? कायम राहून दोघांची नोकरी शहरातच असेल, तर जाऊन-येऊन ६० किलोमीटर धरा. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर रोजचं ४ लिटर पेट्रोल. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट विजेइतकी ऊर्जा असते, म्हणजे रोज ३६ युनिट झाले. तुमच्यासारखं घर महिन्याला २०० युनिट वापरत असेल तर दिवसाला ७ पण होत नाहीत. घरात कितीही काटकसर केली तरी ती रस्त्यावर पाचपट खर्च होईल. जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. पण ऊर्जा वाचवायची म्हणून जात असाल तर एकाचं तरी काम घरून होणार आहे का, किंवा चांदणी चौकापर्यंत बसने जाता येईल का, हे आधी घरात बसून ठरवा. शनिवार-रविवारचंच घर असेल तर गणित वेगळं होतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता छप्पर. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेरीस दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. जुलैत ढग असतात. मेमध्ये मात्र आडव्या छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर दिवसाला साडेसहा-सात युनिट ऊन पडतं. ७० चौरस मीटरच्या छपरावर हे साडेचारशे युनिटच्या वर जातं, आणि तेही एका दिवसात. त्यातला थोडा भाग जरी खाली उतरला तरी एसी त्याच्याशी झगडतच राहणार.

तुमच्या फ्लॅटमध्ये नेमकं हेच होतंय. सहा इंची काँक्रीटचा स्लॅब उष्णता अडवत नाही, फक्त चार-पाच तास लांबवतो. दुपारी एक ते तीनचं ऊन तुमच्या डोक्यावर संध्याकाळी सहाला पोचतं आणि मध्यरात्रीपर्यंत पाझरत राहतं. इमारतींसाठीच्या आपल्या इको निवास संहितेत (२०१८) छपरातून उष्णता किती जावी याची मर्यादा १.२ आहे. एक चौरस मीटर छपरातून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, इतके वॉट जावेत असा त्याचा अर्थ. उघडा स्लॅब तीनच्या वर जातो. त्यावर आपल्याकडे घालतात तो ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, घातला तरी दोनच्या आत येत नाही. दोन इंच चांगलं इन्सुलेशन घातलं की आकडा ०.५ च्या आसपास येतो. वर पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सची फरशी) किंवा निदान चुन्याची सफेदी केली तर ऊन मुळातच परतवलं जातं. नवं घर होईल तेव्हा होईल, सोसायटीशी बोलून गच्चीवर हे काम या मार्चच्या आत करून घ्या. दुसऱ्या एसीचा वापर नक्की कमी होईल.

छपरानंतर पश्चिम. मुळशीत पश्चिमेकडून दोनदा मार बसतो, उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेसहाच्या उन्हाचा आणि जून ते सप्टेंबर तिरप्या पावसाचा. त्यातून संध्याकाळचा गार वाराही तिकडूनच येतो, म्हणून पश्चिम बंद करून टाकणं हाही उपाय नाही. जुन्या लोकांनी याला पडवी काढली. सात-आठ फूट खोल, खाली उतरलेलं छप्पर, ऊन-पाऊस दोन्ही भिंतीपर्यंत पोचत नाहीत, वारा मात्र आत येतो. जाड भिंतीचं कौतुक करणारे एक गोष्ट विसरतात. नऊ इंची विटेची भिंत उष्णता सहा ते आठ तासांनी आत देते. पश्चिमेची जाड भिंत चार वाजता उघड्यावर तापली, तर ती तुम्हाला रात्री अकराला, बरोबर झोपेच्या वेळी, ती उष्णता परत करणार. जाड भिंत हवी, पण सावलीतली.

तिसरी गोष्ट रात्रीची हवा. पुण्याकडे एप्रिलमध्ये दुपारी ३८ असेल तरी पहाटे २०-२२ पर्यंत उतरतं. मुंबईला हे सुख नाही. रात्री आठनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या आणि सकाळी नऊला पडद्यांसकट बंद करायच्या. जड भिंती आणि फरशी रात्री गार होतात आणि दुपारी तो गारवा पुरतो. यासाठी डासांची जाळी आणि गज पहिल्या दिवसापासून हवेत, नाहीतर मुळशीत रात्री कोणी खिडकी उघडत नाही आणि सगळं डिझाइन कागदावर राहतं. पावसाळ्यात दिवस-रात्रीत फारसा फरकच नसतो. तेव्हा जाड भिंतीचा उपयोग नाही, फक्त वारा खेळता हवा.

आता मिस्टरांचा कंटेनर. त्यांना नाराज करायचं नाही, पण माझा अनुभव सांगायलाच हवा. काही वर्षांपूर्वी मुळशीतच एका उतारावर ४० फुटी कंटेनरचं घर मी केलं. आतून ग्लासवूल (काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन), त्यावर बोर्ड, दिसायला फार सुंदर. पहिला पावसाळा कोरडा गेला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मालकीणबाईंचा फोन आला, ‘पाऊस संपला आणि आता छत गळायला लागलंय.’ सकाळी सातला पोचले. पलंगाच्या वर बोर्डाला पिवळा डाग पडला होता. स्क्रू काढून बोर्ड खाली घेतला, तर ग्लासवूल ओल्या गोधडीसारखं जड लागलं आणि त्याच्या वर पत्र्याला रांगेने थेंब लटकत होते. बाहेर आकाश निरभ्र, पावसाचा पत्ता नाही. रात्री उघड्या आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही गार होतो. आतल्या माणसांच्या श्वासाची, स्वयंपाकाची वाफ बोर्डाच्या फटींतून वर जाते आणि त्या गार पत्र्यावर तिचं पाणी होतं. ही चूक माझी होती. सगळं काढून पत्र्याला थेट चिकटणारा पफ (इन्सुलेशनचा फोम) फवारून घेतला, मधे हवेला जागाच ठेवली नाही. वर दीड फूट अंतर सोडून पत्र्याची दुसरी छत्री उभी केली. तेव्हापासून थेंब नाही आणि उन्हाळाही सुसह्य झाला. पण या दुरुस्तीत ‘स्वस्त आणि झटपट’ यातलं काहीच उरलं नाही.

कंटेनरचा पत्रा दोन मिलिमीटरच्या आसपास असतो. तो उष्णता अडवतही नाही आणि साठवतही नाही. आतली रुंदी ७ फूट ८ इंच. दोन्ही बाजूंनी इन्सुलेशन आणि बोर्ड लावले की सव्वासात उरते. पाच फुटी पलंग ठेवला की बाजूने एका माणसाला चालता येईल एवढीच जागा. मोठ्या खिडक्यांसाठी बाजू कापली की कंटेनरचं बळ जातं, कारण वजन चार कोपऱ्यांच्या खांबांवर असलं तरी ते खांब नागमोडी पत्र्याने जखडलेले असतात. मग चौकटीला बॉक्स सेक्शन (चौकोनी लोखंडी नळ्या) वेल्ड करा, आणि खर्च वाढत जातो. जुन्या कंटेनरच्या प्लायवूडच्या जमिनीवर कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते, ती काढून टाकल्याशिवाय लहान मुलं असलेल्या घरात वापरू नये. एका परिस्थितीत मात्र मी कंटेनर सुचवेन. शनिवार-रविवारपुरतं घर हवं असेल, तर हलकी, नीट इन्सुलेट केलेली खोली पंखा लावल्यावर पटकन गार होते. जाड भिंतींचं घर आठवडाभर बंद राहिलं, तर शनिवारी संध्याकाळी पोचल्यावर ते थंड व्हायला वेळ लागतो, आणि पावसाळ्यात बंद मातीच्या भिंतीवर बुरशी चढते. मातीच्या घराला रोज माणसांचा वावर हवा.

टायरच्या घराबद्दल मुलाला सांगा की कल्पना खरंच अभ्यासण्यासारखी आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या ताओसला मायकेल रेनॉल्ड्स यांनी ही घरं विकसित केली. पण ताओस समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर आहे आणि तिथे हिवाळ्यात पाणी गोठतं. म्हणून ती घरं दक्षिणेला सलग काच लावून ऊन आत घेतात आणि मातीने भरलेल्या टायरच्या भिंतीत साठवतात. आपल्याला हिवाळ्यात उष्णता साठवायची गरज पडत नाही. काचेची ती बाजू आपल्याकडे मार्चपासूनच त्रास देईल. घुमटाकार घरंही कोणीतरी सुचवेलच. कोरड्या प्रदेशात ती छान. मुळशीत नको, कारण घुमटाला वळचण नसते. भिंतच छप्पर असते आणि सगळा पाऊस तिच्यावरून वाहतो.

मग माती. इथे मी मनापासून तुमच्या बाजूची आहे, काही अटींवर. पुणे शहरात वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला तुम्ही जसजसे सरकाल तसा तो वाढत जातो आणि ताम्हिणीत काही हजारांवर जातो. तुमचा प्लॉट या दोहोंच्या मधे आहे. त्यामुळे पुण्याच्या पूर्वेला, शिरूर-दौंडकडे चालणारी उघडी मातीची भिंत तुमच्याकडे चालणार नाही. मुळशीतली जुनी घरं बघा. दगडाचं उंच जोतं, कारवीच्या कुडावर शेणामातीचं लिंपण, आणि कमरेपर्यंत खाली आलेली वळचण. भिंत नाजूकच होती, पण तिला पाणी लागतच नव्हतं. दर वर्षी पावसानंतर घरातल्या बायका भिंती लिंपून घ्यायच्या. आज तेवढा वेळ कोणाकडे आहे, याचा विचार करून मी कुडाच्या भिंतीऐवजी दाबलेल्या मातीच्या विटा सुचवते. मुरमाड मातीत ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळून यंत्रात दाबतात. भाजायच्या नसतात, त्यामुळे भट्टीचा कोळसा वाचतो. पण काँक्रीटसारखंच त्यांच्यावर पाणी मारावं लागतं, आणि हे काम गवंड्यावर सोडून चालत नाही.

माती चालेल का हे तुम्ही घरीच बघू शकता. प्लॉटवर वरची फूटभर माती बाजूला करून खालची मूठ-दोन मूठ घ्या. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून दिवसभर ठेवा. खाली खडे आणि रेती, मधे गाळ, वर चिकणमाती असे थर दिसतील. रेतीचा थर निम्म्याहून जास्त असेल तर छान. काळी माती मात्र भिंतीसाठी अजिबात वापरू नका. ती पाण्याने फुगते, उन्हात फाटते आणि भिंतीला भेगा पाडते. आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत अडकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चुन्याचा गिलावा करा.

चांगली माती मिळाली नाही तर जिद्द धरू नका. भाजलेल्या विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवणारी रॅट ट्रॅप बांधणी करा, लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली. विटा जवळजवळ पाव भाग वाचतात आणि मधली हवा उष्णता अडवते. फक्त आधी ती केलेला गवंडी शोधा. नवख्याच्या हातून पोकळी मसाल्याने भरून जाते.

तुमच्या जागी मी असते तर काय बांधलं असतं, ते सांगते. आकार आधी कमी केला असता. ११००ऐवजी ७५० चौरस फूट. वीज, पैसा, साहित्य, तिन्ही वाचवण्याचा इतका खात्रीचा दुसरा मार्ग मला माहीत नाही. काळ्या दगडाचं दोन-अडीच फूट जोतं. दाबलेल्या मातीच्या किंवा रॅट ट्रॅपच्या भिंती. पश्चिमेला पडवी, दक्षिणेला दोन फुटांची वळचण पुरते. वर मंगलोरी कौलं, निदान ३० अंशांच्या उतारावर. पण कौलांखाली थेट खोली नको, कारण एकेरी कौलंही तापतात. मधे माळा हवा. प्रक्रिया केलेल्या बांबूच्या तट्ट्यावर तीन इंच मातीचा थर, आणि माळ्याच्या दोन्ही टोकांना वारा जायला जाळी. ऊन कौलांवर पडतं, तापलेली हवा माळ्यातून निघून जाते, खाली खोलीत उतरतच नाही. गावाकडे माळ्यावर पेंढा आणि धान्य असायचं, तेही इन्सुलेशनच होतं. सासूबाई म्हणाल्या ते बरोबर आहे, फक्त त्यांना माळ्यासकट कौलारू अभिप्रेत असणार. विचारून बघा. एक अडचण आधीच सांगून ठेवते: त्या भागात माकडांच्या टोळ्या येतात आणि कौलं फोडतात. शंभरेक कौलं जास्तीची घेऊन ठेवा.

घर असं झालं की उपकरणांचं काम सोपं होतं. साधा पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० वॉटचा. पाच पंखे रोज १२ तास चालले तर महिन्याला ८० युनिट वाचतात. चौघांच्या अंघोळीचं १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला रोज जवळजवळ ३ युनिट लागतात, म्हणजे हेही महिन्याचे ८५-९०. सोलर वॉटर हीटर बसवा, मात्र बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार बसतात, त्याची साफसफाई धरून चला. छपरावरची सोलर वीज सगळ्यात शेवटी. आधी गरज कमी करा, मग आकार ठरवा. एका किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट मिळतात, पावसाळ्यात बरीच कमी. तुम्हाला २ किलोवॉट पुरतील आणि पीएम सूर्यघर योजनेत त्याला ६०,००० रुपये अनुदान आहे. एका गोष्टीत मात्र बरेच जण फसतात. महावितरणची लाइन गेली की नेट मीटरिंगचा (उरलेली वीज लाइनला परत देणारा) साधा इन्व्हर्टरही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. मुळशीत पावसात वीज जाते, तेव्हा दोन पंखे, दिवे आणि फ्रिजपुरती बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर घ्या.

परवानगीबद्दल एवढंच: कंटेनर उचलून नेता येतो म्हणून परवानगी लागत नाही, असं विकणारे सांगतात. त्यावर जाऊ नका, पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) नकाशा द्यावाच लागेल. मातीच्या बांधकामाला कर्ज द्यायला बँका कुरकुरतात. कर्ज लागणार असेल तर बांधायच्या आधी विचारा.

आणि नकाशा काढून घ्यायच्या आधी प्लॉटवर दोनदा जा. एकदा एप्रिलमध्ये, दुपारी तीन ते सूर्यास्तापर्यंत. कुठल्या झाडाची सावली कुठवर येते तिथे दगड ठेवा, वारा कुठून सुटतो ते लिहून ठेवा. दुसऱ्यांदा जुलैत, चांगला कोसळत असताना. पाणी प्लॉटमध्ये कुठून शिरतं, कुठे साचतं आणि कुठून बाहेर पडतं, तिथे खुंट्या ठोका. हे मला कळवलंत, बरणीतल्या थरांचा फोटो पाठवलात, तर जोतं कुठे आणि किती उंच घ्यायचं हे मी नक्की सांगू शकेन.